माझ्याच आवाजातली देणगी

मंचावर मिळालेलं पाकीट मंचावर उघडत नाहीत. आमच्याकडे कार्यक्रम संपताना निवेदकाला शाल, नारळ आणि पाकीट देतात. फोटो काढतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाची समजूत होते की या माणसाचे पैसे मिटले. पाकिटात काय आहे ते देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळतं.

त्या डिसेंबरात मला मिळालेल्या पाकिटात एक हजार एक रुपये होते. ठरले होते साडेएकोणीस हजार.

हिशेब आधीच मांडतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. आमच्या शेजारच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार चालू होता आणि त्यासाठी मंडळाने तीन दिवसांचा महोत्सव भरवला होता. एक दिवस दोन बुवांच्या चुरशीची डबलबारी भजनं, एक दिवस नृत्यस्पर्धा, एक दिवस बक्षीस समारंभ आणि दशावतार. तिन्ही दिवस निवेदन माझं, दिवसाला साडेसहा हजार. शिवाय मंडळाच्या साउंडवाल्याकडे धड चालणारा एकच माइक होता. म्हणून खजिनदार म्हणाले की तुमच्या ओळखीतून दोन बिनवायरचे माइक आणा, भाडं तुमच्या बिलात धरू. मी कुडाळहून आणले. भाड्याचे साडेतीन हजार माझ्या खिशातून भरले, कारण तो माइकवाला माझ्यासारखा नव्हता. पैसे हातात पडल्याशिवाय तो पेटी गाडीत ठेवत नाही. एकूण तेवीस हजार. पाकिटातले वजा जाता येणे एकवीस हजार नऊशे नव्याण्णव.

हा आकडा माझ्या डोक्यात बसला याला कारण होतं. मुलगी कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती आणि तिच्या फीचा दुसरा हप्ता बावीस हजारांचा होता. परीक्षेआधी भरला नाही तर हॉलतिकीट मिळणार नव्हतं. मंडळाचं येणं आलं की मी वरचा एक रुपया घालायचा आणि हप्ता भरायचा. इतका सरळ हिशेब आयुष्यात पुन्हा जुळला नाही.

मी मूळचा पतपेढीतला कारकून. पतपेढी दुसऱ्या पतपेढीत विलीन झाली तेव्हा आम्हा चौघांना घरी बसवलं. शाळेपासून आवाज बरा होता, गणपतीत आणि कबड्डीच्या सामन्यांत हौस म्हणून बोलत असे. त्या हौसेचा धंदा करावा लागला. पुढे किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत बाहेरगावच्या लोकांची लग्नं होऊ लागली, पर्यटन महोत्सव आले, शाळांची स्नेहसंमेलनं मोठी झाली. कामाला तोटा नव्हता. तोटा पैशांना होता. केटरर अर्धे पैसे आधी घेतो, मंडपवाला खांब उभे करण्याआधी घेतो, दशावताराची कंपनी तोंडाला रंग लावण्याआधी घेते. निवेदक सगळ्यांच्या शेवटी, कारण त्याच्याकडे काढून न्यायला काही नसतं. मंडपवाला मंडप उतरवीन म्हणू शकतो. मी बोललेलं परत कसं नेऊ?

जानेवारीत मी पहिला फोन केला. खजिनदारांचं कट्टा गावच्या बाजारात सिमेंट आणि पत्र्याचं दुकान आहे. माणूस गोड. फोन उचलल्याबरोबर म्हणाले, "तुमचो आवाज आयकलो काय माका वाटता कार्यक्रमच सुरू झालो." मी हसलो. हसायला नको होतं, पण आवाजावर पोट असणाऱ्याला कोणी आवाजाचं कौतुक केलं की हसू येतंच. पैसे मुंबई कमिटीच्या चेकवर अडले आहेत, असं त्यांनी सांगितलं.

गावाची मंडळं दोन असतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. एक गावातलं, कामं करणारं. दुसरं मुंबईतल्या गाववाल्यांचं, पैसे पाठवणारं. त्यामुळे गावातल्या मंडळाला कधीही म्हणता येतं की मुंबईचे पैसे आले नाहीत. त्यांची ती सोय आहे. मुंबईच्या कमिटीतल्या कोणाला मी ओळखत नव्हतो, तेव्हा खरंखोटं करायला मार्ग नव्हता.

फेब्रुवारीत चेक सहीसाठी गेला होता. पुढे सही करणारे गावी आले होते आणि चेकबुक मुंबईत राहिलं होतं. शिमग्यात तर पैशाचं बोलणं बरं दिसत नाही म्हणून मीच गप्प बसलो. एप्रिलच्या सुरुवातीला मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. माझ्यासमोर एका गवंड्याने पाच पोती सिमेंट मागितलं आणि पैसे सोमवारी देतो म्हणाला. खजिनदारांनी त्याला सिमेंटही सोमवारीच ने म्हणून सांगितलं, तेही हसत हसत. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलास? लोकांका उधारीची सवय लागली आसा."

मी त्यांना हप्त्याचं सांगितलं. मुलीचं, परीक्षेचं, हॉलतिकिटाचं. घरची गोष्ट सांगून स्वतःचे पैसे मागायचे म्हणजे भीक मागितल्यासारखं होतं, म्हणून तोवर सांगितलं नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मे महिन्यातल्या देवळाच्या वर्धापनदिनाला यायला सांगितलं. म्हणाले, मुंबईकर सगळे त्या दिवशी हजर असतात, तुमचं तिथल्या तिथे मिटवतो. सकाळच्या कार्यक्रमाला दोन शब्द बोला, तेवढी देवाची सेवा.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मालवणी मसाला करून विकते आणि तिचं एक रुपयाचं येणं कोणाकडे नसतं, कारण पुडी देण्याआधी ती हात पुढे करते. ती म्हणाली, "लोकांका सांगतास, जोरदार टाळ्या होऊ देत. तशे एकदा खजिनदाराक सांगा, जोरदार पैशे होऊ देत."

मी म्हटलं, या वेळी देणार आहेत, मुंबईकर येणार आहेत.

"आणि ह्या सेवेचे पैशे?"

सेवेचे पैसे नसतात, असं मी सांगितलं. ती मिरच्यांची देठं काढत राहिली.

वर्धापनदिनाला देऊळ भरलं होतं. नवा सभामंडप अर्धा झाला होता, लाद्या बसायच्या होत्या. मुंबईकर पुढच्या खुर्च्यांवर, गाववाले मागे सतरंजीवर. सत्यनारायणाची पूजा चालू होती आणि मी कोपऱ्यात माइक घेऊन उभा होतो. खजिनदार समोरून गेले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच 'होतं, होतं' म्हटलं.

पूजेनंतर देणग्यांचं वाचन. आमच्याकडे हा कार्यक्रमाचा गाभा असतो, भाषणं कोणी ऐकत नाही. देणगीदाराचं नाव आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून निवेदकाच्या हातात देतात आणि त्याने वाचायची. हे वाचण्याची एक पद्धत आहे. रक्कम आधी, नाव मागून. रक्कम वाचली की क्षणभर थांबायचं, लोक माना वर करतात, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं तर रकमेकडे लोकांचं लक्ष राहत नाही. शिवाय आधी मनात वाचत बसायला वेळ नसतो, एक चिठ्ठी तोंडात असताना दुसरी हातात येते. इतक्या वर्षांत मी हजारो चिठ्ठ्या अशा वाचल्या असतील. हातात आली की डोळा जातो आणि तोंड चालतं.

पाच हजार एक, अकरा हजार एक, एकवीसशे एक. मुंबईकरांपैकी एकाने पंचवीस हजार एक दिले, त्याला टाळ्या झाल्या. मग पुढची चिठ्ठी आली. मी वाचलं, "जीर्णोद्धारासाठी रुपये अठरा हजार पाचशे एक." नेहमीप्रमाणे थांबलो. माना वर झाल्या. मी नावाकडे पाहिलं. नाव माझं होतं.

चिठ्ठीवर अक्षर खजिनदारांचं. नावाच्या आधी 'आपल्या सर्वांचे लाडके निवेदक' असं लिहिलेलं. लोक वाट बघत होते. मी 'आपल्या सर्वांचे लाडके निवेदक' असं वाचलं आणि त्यापुढे स्वतःचं नाव वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. आजवर त्या आवाजाला कधी पडल्या नव्हत्या तितक्या टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या पंचवीस हजारवाल्याने उठून माझ्याशी हात मिळवला.

मला वाटलं, वाचन संपलं की बाजूला बोलावून चूक दुरुस्त करून घेऊ. पण वाचन संपल्याबरोबर गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. ज्यांनी ज्यांनी देवळासाठी हात पुढे केला त्यांच्या पोराबाळांना सांभाळ, त्यांच्या धंद्याला यश दे, त्यांच्या वाटेतलं वाईट दूर कर. प्रत्येक वाक्याला सगळं देऊळ "व्हय महाराजा" म्हणत होतं. माइक माझ्या हातात होता, म्हणून सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत होतो. गाऱ्हाण्यात गेलेली देणगी परत घेता येत नाही. तसा कोणता नियम लिहिलेला नाही, पण ती परत मागितलेला माणूस मी अजून पाहिला नाही. खजिनदारांनी हे सगळं कोणत्या क्रमाने घडेल याचा विचार केला होता. मंडळाच्या वह्या ते उगाच सांभाळत नव्हते.

महाप्रसादाच्या पंगती बसल्या तेव्हा ते पावतीपुस्तक घेऊन आले आणि माझ्या नावाची पावती फाडून दिली.

"ही पावती कसली?" मी विचारलं.

"देणगीची. तुमचे मानधनाचे अठरा हजार चारशे नव्याण्णव येणा होते. देणगी एकान संपाक व्हयी, म्हणान पाचशे एक केलंय. दोन रुपये तुमच्याकडून येणा आसत."

"ह्या करूक तुमका कोणी सांगल्यान?"

ते दुखावल्यासारखे झाले. "देवाचा काम. सांगूक कशाक व्हया? मुंबयकारांनी टाळ्यो कश्यो मारल्यानी, बघितलास मां? आता बघा तुमका मुंबयसून कामा येतली."

मी माइकच्या साडेतीन हजारांचं विचारलं. ते माझे नाहीत, मी पुढे केलेले आहेत, भाड्याची पावती तुमच्याकडे दिलेली आहे, आणि दुसऱ्याच्या भाड्याची देणगी होत नाही, असं म्हटलं. त्यांनी मोठ्या मनाने मान हलवली. "ते पण देणगीत धरतलंय होतंय. तुमका जड जायत म्हणान धरूक नाय."

आजूबाजूला माणसं जेवत होती. एक बाई माझ्या पानात भात वाढून 'पोटभर जेवा' म्हणाली, दोनदा वाढून गेली. मी जेवलो. अठरा हजारांच्या माणसाने पान टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

ते साडेतीन हजार मी सोडले नाहीत. चार वेळा दुकानात गेलो. शेवटी त्यांनी गल्ल्याच्या शेजारच्या पिशवीतून दहा-दहाच्या नोटांची पुडकी काढली. नोटांना कुंकू लागलेलं होतं, म्हणजे ओटीतल्या होत्या. मी काउंटरवर सगळ्या मोजल्या. तीन हजार चारशे अठ्ठ्याण्णव. शेवटची आठ रुपयांची नाणी होती. दोन रुपये त्यांनी वळते करून घेतले होते, आणि मागून तक्रार नको म्हणून तसं सांगितलंही. मी बरोबर आहे म्हटलं. हिशेबाने ते बरोबरच होतं.

नंतर कट्ट्याच्या बस थांब्यावर कोणीतरी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, "एका हातान देवाक देता नि दुसऱ्या हातान परत मागता." मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना मीच खोटा वाटलो असतो. शंभर-दीडशे माणसांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

पण ते पुढचं. वर्धापनदिनाच्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको पडवीत पुड्यांना लेबलं चिकटवत होती. तिने फक्त "मिटला?" एवढंच विचारलं. मी पावती पुढे केली. तिने ती वाचली, उलटी करून मागे काही लिहिलंय का बघितलं, आणि देवांच्या फळीवर ठेवली. मला वाटलं आता भांडेल. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन आली तेव्हा तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या रुमालात बांधून तिने माझ्या पिशवीत ठेवल्या होत्या.

पतपेढीचं नाव आता दुसरं होतं, पण मी त्याच कचेरीत गेलो जिथे पूर्वी खुर्चीवर बसायचो. सोनेतारणाचा अर्ज मी त्या खुर्चीवर बसून किती लोकांचा भरला असेल. कोणी विचारायचा, 'कारण' या रकान्यात काय लिहू, तर मी सांगायचो, काहीही लिहा, कोणी वाचत नाही. त्या दिवशी माझ्यासमोरच्या नव्या मुलीने मला तेच सांगितलं. मी 'शिक्षण' लिहिलं. पैसे मिळायला आणखी काही दिवस गेले, दागिने पारखणारा सोनार सुट्टीवर होता. हप्ता दंडासकट भरला. मुलीला फोन करून सांगितलं की भरला, काळजी करू नको. ती म्हणाली, बरं. परीक्षा झाली, चांगले गुण पडले. मला वाटलं ती गोष्ट तिथे संपली.

दिवाळीला ती घरी आली. भाऊबीजेनंतर तिला देवळात जायचं होतं, आईने तिच्या परीक्षेसाठी नारळाचा नवस बोलला होता. मी मेपासून त्या देवळाची पायरी चढलो नव्हतो. स्कूटरवरून तिला घेऊन गेलो आणि बाहेरच थांबलो. ती आत गेली. सभामंडप पूर्ण झाला होता, लाद्या चकचकत होत्या. आतल्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली होती, देणगीदारांची. मला बाहेरून दिसत होतं की मुलगी पाटीसमोर उभी आहे. बराच वेळ उभी होती.

परत येताना ती मागे बसली होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. काजूच्या बागा संपून चढ लागला तेव्हा बोलली.

"बाबा, परीक्षेच्या दिसा सगळ्यांक हॉलतिकीट आदल्या दिवशी दिल्यानी. माका पेपर सुरू होवच्या आधी अर्धो तास दिल्यानी. दंडाची नोंद वरच्या ऑफिसात पोचूक नव्हती. तोपर्यंत मी व्हरांड्यात बाकावर बसलंय."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. पुढचं काय येणार ते मला कळलं होतं.

"आणि तुमी देवळाक अठरा हजार पाचशे एक दिलास."

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. तिला सगळं सांगितलं. ठरलेले पैसे, पाकिटातले पैसे, माइकचं भाडं, मुंबईचा चेक, चिठ्ठी, गाऱ्हाणं, दोन रुपये, पाटल्या. आकड्यांसकट सांगितलं, एकही गाळला नाही. पाटल्यांचं तिला माहीत नव्हतं. आईने सांगितलं होतं की त्या घट्ट होतात म्हणून काढून ठेवल्या. ऐकताना तिने एकदाही मध्ये विचारलं नाही. वॉर्डात रुग्णाचं ऐकून घ्यायला शिकवतात, तसं ऐकत होती.

मग म्हणाली, "मगे तुमी नाव वाचलास कित्याक?"

मी तिला धंद्यातली पद्धत समजावली. रक्कम आधी, नाव मागून, थांबलेलं असतं, लोक बघत असतात, तिथे अडखळलं तर निवेदक कसला.

"म्हणजे अडखळूक नको म्हणान."

मी हो म्हटलं. मी स्कूटर सुरू केली, ती मागे बसली. एरवी ती माझ्या खांद्याला धरते, त्या दिवशी मागच्या दांडीला धरून बसली होती.

आता मी ठरलेले सगळे पैसे खात्यात आल्याशिवाय माइक हातात घेत नाही. पाकीट मंचावर दिलं तर तिथेच उघडतो. त्यामुळे अर्धी कामं गेली. मंडळं म्हणतात, हा माणूस बदलला. चिठ्ठी हातात आली की आधी मनात वाचतो, मग तोंडाने. त्यात जो एक क्षणाचा खंड पडतो तो लोकांना कळतो, कधीकधी मागून कोणीतरी म्हणतं, निवेदक विसरलो. म्हणू देत. यंदा त्याच मंडळाकडून पुन्हा बोलावणं आलं. मी पूर्ण रक्कम आधी मागितली. खजिनदार फोनवर खरंच अचंब्यात पडल्यासारखे म्हणाले की इतक्या मोठ्या देणगीदाराने पैशासाठी अडून बसावं हे त्यांना पटत नाही. मी फोन ठेवला.

मुलीचा तिसरा हप्ता मी मुदतीच्या आधी भरला आणि पावतीचा फोटो तिला पाठवला. तिने उत्तरात फक्त 'मिळाली' असं लिहिलं. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. व्याज दर महिन्याला जातं, आणि देवळातल्या पाटीवर माझं नाव मात्र शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय कोरलेलं आहे.